महाड स्टँडवर वीस मिनिटं

"महाड! गाडी वीस मिनिटं थांबेल हो, चहापाणी उरकून घ्या!"

कंडक्टरने आतले दिवे लावले तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. बाहेर जूनअखेरचा पाऊस. खिडकीजवळ आई जागीच होती, पर्स पोटाशी घट्ट धरून. "जायचंय ना?" मी विचारलं. "आधी तू बघून ये," ती म्हणाली.

थांब्यावरचा बायकांचा संडास आधी बघून यायचा, त्या "बघून ये"साठीच हे लिहायला बसले आहे.

आई 77 वर्षांची. आमचं गाव राजापूर तालुक्यात. पाऊस लागला की घर गळतंय का, पडवीत पाणी येतंय का हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. रेल्वे तिला नको वाटते, कारण राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब पडतं आणि एसटी थेट फाट्यावर उतरवते. शिवाय 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झालाय. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे माझंही निम्म्यात भागतं. आमच्या गाडीत त्या रात्री निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि त्यातल्या कितीतरी आईच्या वयाच्या. एकट्यादुकट्या, कापडी पिशव्या घेऊन, लेकीकडे नाहीतर माहेरी निघालेल्या. हे पाहून मला खरंच बरं वाटतं.

पण प्रवासाच्या दिवशी आई दुपारच्या जेवणानंतर पाणी बंद करते. गाडी संध्याकाळी सातची असली तरी दोन वाजल्यापासून घोटभरही नाही. चहा नाही, ताक नाही. मी बाटली पुढे केली की "तहानच नाही गो" म्हणते. ओठ सुकलेले दिसत असतात.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका खाजगी बसने गेलो होतो. गाडी मध्यरात्री एका मोठ्या झगमगीत हॉटेलवर थांबली. पुढच्या बाजूला दिवेच दिवे, मागे बायकांच्या संडासात मिट्ट काळोख. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. आई दारातूनच परत फिरली आणि सकाळपर्यंत तशीच बसून राहिली. गावी पोचल्यावर चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मूत्रमार्गाचा संसर्ग. डॉक्टरांनी विचारलं, "प्रवासात पाणी पीत नाही का?" आई खाली मान घालून बसली. चूक तिची असल्यासारखी. मला त्या दिवशी इतका राग आला होता, अजून उतरलेला नाही.

तेव्हापासून थांबा आला की आधी मी उतरते. दिवा आहे का, नळाला पाणी आहे का, कडी लागते का, दाराला आतून खिळा आहे का. खिळ्याचं पुरुषांना कळायचं नाही. पर्स खांद्यावर, निऱ्या एका हातात, फरशी ओली. पिशवी अडकवायला एक खिळा असला की बाईला दुसरा हात मोकळा मिळतो. आईला तर तो हात फारच लागतो. तिचे गुडघे गेलेत. उकिडवं बसलं की उठताना काहीतरी धरावं लागतं.

मुंबई ते महाड हा पल्लाही काही लहान नाही. मुंबई–गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम 2011 पासून चाललंय. खड्डे, वळवलेले रस्ते, वडखळला रांग. रस्ता लांबला की म्हाताऱ्या माणसाचं अवघडून बसणंही तेवढंच लांबतं. पेणला आईने पाय हलवले, कोलाडला पदर सारखा केला, माणगावला डोळे मिटून घेतले. बोलली काहीच नाही.

महाडला पावसातून धावत गेले. दारात एक मावशी खराट्याने पाणी लोटत होत्या. आत ट्यूब लागलेली, नळाला धार, बादलीत तांब्या. कडी होती. खिळा नव्हता, पण माझेच दोन हात होते की! परत येऊन आईला उतरवलं. एसटीची खालची पायरी तशी उंचच. एक पाय खाली, मग माझ्या खांद्यावर सगळा भार, मग दुसरा पाय. छत्री धरायला हात उरला नाही, दोघी भिजलो. मावशी म्हणाल्या, "आजी, त्या दुसऱ्या दाराने जा, तिथं नळाचा पाइप आहे धरायला." मला त्यांचे पायच धरावेसे वाटले. रात्री पाऊण वाजता कुणाला काय धरायला लागेल, हे त्या बाईंना ठाऊक होतं. मी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "बायकांना नाही लागत." तो नियमच आहे, तरी जागोजागी पैसे मागितले जातात आणि आपण वाद नको म्हणून देतो.

बाहेर आल्यावर आईचा चेहरा सैल झाला होता. टपरीवर चहा घेतला. तिने बशीत ओतून निम्मा संपवला. ड्रायव्हर बाटलीतल्या पाण्याने डोळे धूत होते. मग गाडीभोवती फिरून एकेका टायरवर हात मारून आले आणि पायरीवर दोन मिनिटं नुसते बसले. थांबा त्यांच्यासाठीही असतो. उशीर झाला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी पुढचा काळोख आणि पाऊस कोण बघणार आहे ते आठवावं.

वीस मिनिटं झाली. आम्ही अजून फलाटाच्या टोकाशीच. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ ओरडले, "मास्तर, सोडा की गाडी!" कंडक्टर कंट्रोलरच्या खिडकीवर नोंद करून येत होता, पंचविशीचा असेल. त्याने आईकडे पाहिलं आणि दारातच उभा राहिला. "सावकाश या आजी. तुम्ही बसल्याशिवाय डबल बेल देत नाही." वर चढून त्याने हात दिला. सीटवर बसवून मग दोरी दोनदा ओढली.

महाड सोडलं की थोड्याच वेळात सावित्री लागते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी गाड्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली आणि दुसरी राजापूर–बोरिवली. आमच्याच राजापूरची. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 2017 च्या जूनपासून गाड्या त्यावरून जातात. पण पूल आला की गाडीत बोलणं आपोआप थांबतं. ड्रायव्हरने वेग कमी केला. आईने हात जोडले, पुढच्या सीटवरच्या बाईनेही. काचेवरून पाणी ओघळत होतं, खालची नदी दिसत नव्हती.

पूल संपल्यावर आई म्हणाली, "गेली बिचारी माणसं." मग बराच वेळ गप्प. पोलादपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिने मला कोपराने हलवलं.

"आता पुढे कुठे थांबेल?"

मी कंडक्टरला विचारलं. "भरणे नाक्याला थांबवतो की," तो म्हणाला. "आता बोगद्यातून जातो, कशेडीचा घाट नाही. लवकर येईल. आजींना सांगा, लागलं तर आधीही थांबवू."

आईने ते ऐकलं. थोडा वेळ हिशेब केल्यासारखी बसली.

"मग दे ती बाटली," ती म्हणाली आणि झाकण उघडून घटाघटा प्यायली.