ओदांचे भालेकरी, नोंद 6: उंचीचा घोळ भाल्याने सोडवला

टेबलावरच्या युद्धखेळासाठी ओदा नोबुनागा या सोळाव्या शतकातल्या जपानी सरदाराचे भालेकरी छोट्या ओतीव फिगरमधून उभे करतोय. मागच्या नोंदीत घोडं अडलं होतं ते इथे: तीन उत्पादकांच्या (त्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हणू) 15 मिमी अशिगारू, म्हणजे साध्या पायदळ शिपायांच्या फिगर, एका बेसवर, म्हणजे एका पथकाच्या तळपट्टीवर, बसत नव्हत्या. तिघांच्याही पाकिटावर 15 मिमीच छापलेलं, पण शेजारी उभ्या केल्या की एक फिगर थोरला भाऊ दिसते आणि दुसरी शाळकरी पोर.

आधी मोजमाप. तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजायची नेहमीची रीत सामुराईत साफ फसते. अशिगारूच्या जिंगासा टोपीने डोळे झाकलेले असतात. सरदाराच्या काबुतोवर, म्हणजे शिरस्त्राणावर, शिंगं नाहीतर चंद्रकोर, म्हणजे डोक्याच्या टोकापर्यंत मोजायचीही सोय नाही. कमरेवरून मोजावं तर तिथे चिलखताच्या पाळ्या लोंबतात. शेवटी तळवा ते हनुवटी हेच माप धरलं. तळव्याखालच्या ओतीव चकतीची जाडी वेगळी मोजून वजा करायची. ती कुणाची 0.8 तर कुणाची 1.6 मिमी निघाली आणि अर्धा घोळ तिथेच सापडला. वाकलेल्या किंवा पळत्या पोझेस मोजायला घ्यायच्याच नाहीत.

त्या काळचा जपानी शिपाई सुमारे 157 सेंमी धरला, तर हनुवटी 136 सेंमीवर येते आणि 1:100 ला, म्हणजे 15 मिमी फिगरच्या प्रमाणाला, ती 13.6 मिमी भरायला हवी. कॅलिपरने ‘अ’ 13.2, ‘क’ 13.5 आणि ‘ब’ 15.1 दाखवतो. म्हणजे ‘ब’ चक्क 1:90 आहे. त्याचं कोरीवकाम तिघांत उजवं, पण घोडा खांद्याला 16.5 मिमी. जपानी घोडा सुमारे 130 सेंमीचा, म्हणजे 13 मिमी हवा. ‘ब’चा घोडा युरोपातल्या सरदाराखालीच शोभेल, ओदांचे शत्रू असलेल्या ताकेदांच्या स्वाराखाली नाही.

‘अ’ आणि ‘क’ एकत्र चालतात. ‘अ’च्या तळाला 0.3 मिमी पुठ्ठा लावला की फरक उरत नाही. ‘ब’चं काय करायचं यावर बराच काथ्याकूट झाला. त्याचे ओतीव भाले कापून तारेचे बसवायला घेतले, आणि उत्तर तिथे मिळालं.

नोबुनागाच्या भालेकऱ्यांचा भाला साडेतीन केन (जपानी लांबीचं माप), म्हणजे जवळपास 6.4 मीटर. 1:100 ला 64 मिमी. पाकिटातले भाले 35 ते 45 मिमीचेच असतात, कारण त्याहून लांब ओतले तर साच्यातून निघतानाच वाकतात. सगळ्यांना 64 मिमी तार लावून उभे केल्यावर ‘अ’, ‘क’ आणि ‘ब’ तीन फूट अंतरावरून वेगळे ओळखू येत नाहीत. नजर चेहऱ्यावर जातच नाही, भाल्यांच्या टोकांच्या रेषेवर जाते. ती रेषा सरळ असेल तर खाली दीड-दोन मिमीचा फरक खपून जातो. मात्र लांबी टोकावर ठरवायची, तारेवर नाही. भाला जमिनीला टेकवून पोटाशी धरलेली पोझ असेल तरच सगळ्यांना सारखी तार चालते. मुठीत अधांतरी धरलेला असेल तर टोक बेसपासून 64 वर आणून खालून छाटायचा.

आता तार. गिटारची स्टीलची तार वापरून पाहिली. कडक आहे, पण गुंडाळीचा बाक जात नाही आणि टोक चपटं होत नाही. खराट्याचा हीर निमुळता असतो, म्हणून बाद. 0.5 मिमी पितळी तारच खरी. मापाने 5 सेंमी जाडीचा दांडा होतो, जरा जास्तच, पण 0.4 हात लागताच वाकते. मीटरभर तार घ्यायची, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये. हलका ताण ठेवून अगदी सावकाश 20-25 फेरे. तार सुतासारखी सरळ होते आणि पिळामुळे टणकही. हव्यासाने आणखी फिरवली की तुटते, तेव्हा चष्मा लावूनच. एका मीटरमधून 14 भाले निघतात. टोकाचे 3 मिमी सपाट पकडीने दाबायचे, मग बारीक कानशीने पातं काढायचं.

मुठीला 0.6 मिमी भोक पाडायचा नाद सोडा. मूठ जेमतेम दीड मिमी रुंद, भोक जरा सरकलं की बोटं फुटतात. पहिल्या बारांत पाच मुठी अशाच गेल्या. त्याऐवजी तिकोनी कानशीने मुठीच्या बाहेरून खाच पाडून तार आत बसवायची, फेविक्विकचा एक थेंब, आणि वाळल्यावर वरून रंगाचा जाड थर देऊन खाच बुजवायची.

आडव्या भाल्यांचा बेत मात्र रद्द. दोन तृतीयांश भाला पुढे काढला तर 40×30 बेसच्या पुढे 42 मिमी बाहेर येतो आणि समोरचं पथक भिडवताच येत नाही. 45 अंशालाही 30 मिमी उरतातच. पुढची रांग 70 अंशांवर तिरकी, मागची सरळ उभी, असं ठरलं. मग पुढे 14 मिमीच येतात, तेवढे चालतील. एका बेसवर चार-चारच्या दोन रांगा, बारा बेस, 96 भाले.

हे लिहिता लिहिता सुचलं: 1575 च्या नागाशिनोच्या लढाईत (ओदा विरुद्ध ताकेदा) भालेकरी कुंपणामागे उभेच असणार, मग पुढच्या दोन बेसवर तिरकी रांगही नको. त्या दोन बेसवर ‘ब’च्या फिगर जातील आणि कुंपण त्यांचे पाय झाकेल.

15 सोडून 10 मिमीच्या फिगरना जायचा मोह झाला होता. तिथे भाला 42 मिमीच होतो, पण पाठीवरचा साशिमोनो झेंडा 2 मिमी रुंद उरतो. 1:100 ला तो 3×9 आहे. ओदांच्या पिवळ्या झेंड्यावरचं एइराकु नाणं त्यात 2 मिमीचं बसतं: काळं वर्तुळ, मधे चौकोनी भोक. चार अक्षरांच्या जागी चार ठिपके पुरतात. साध्या कागदावर लेझर प्रिंट घेऊन फेविकॉलने दुमडायचं आणि कडेला पिवळा रंग फिरवायचा, नाहीतर पांढरी कड दिसते.

राहिला साठवणीचा प्रश्न. मिठाईचं खोकं 5 सेंमी उंच, भाले मावत नाहीत. चपलांच्या खोक्यात तळाला पत्रा आणि बेसखाली चुंबकी शीट लावून बघतोय, 0.5 मिमी शीट खोकं तिरकं केलं की सरकते, 0.8 मागवली आहे.