‘तो विषय आजचा नाही’ असं मी म्हटलं तेव्हा

आम्ही काही जण मिळून कॅलेंडरचा एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा, प्रोग्रॅम सांभाळतो. सगळे आपापली नोकरी करून, वेगवेगळ्या देशांतून. आठवड्यातून एकदा तासभर ऑनलाइन बैठक होते. ती चालवायची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा चर्चा विषयाला धरून ठेवायची म्हणजे भरकटणाऱ्याला थांबवायचं, एवढंच मला कळत होतं.

पहिल्याच महिन्यात मोठा प्रश्न आला: भेटीची वेळ डेटाबेसमध्ये ठेवायची कशी, यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठी एकच असलेल्या प्रमाण वेळेत, की स्थानिक वेळेत? पाचच मिनिटं झाली असतील, कुणीतरी सहज विचारलं, ‘आणि स्क्रीनवर तारीख कशी दाखवायची?’ झालं! ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, यावर प्रत्येकाला मत होतं. चाळीस मिनिटं त्यातच गेली आणि मूळ प्रश्न पुढच्या आठवड्यावर गेला.

असं सगळीकडेच होतं, हे नंतर वाचनात आलं. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचं उदाहरण दिलं होतं. ही समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते. अणुभट्टी कुणालाच नीट कळत नाही, शेड मात्र सगळ्यांना कळते. पुढे १९९९ मध्ये फ्रीबीएसडी ही संगणक प्रणाली बनवणाऱ्या मंडळींत, संगणकाला काही सेकंद थांबायला सांगणाऱ्या ‘स्लीप’ या साध्या कमांडला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत का, यावर खूप वाद रंगला. तेव्हा त्यांच्यातल्याच पॉल-हेनिंग काम्प यांनी सगळ्यांना पत्र लिहून त्या शेडची आठवण करून दिली, आणि क्षुल्लक गोष्टीवर वेळ घालवण्यासाठी ‘बाइकशेडिंग’ हा शब्द प्रोग्रॅमरांच्या तोंडी बसला. तारखेवर बोलणाऱ्यांचा मला राग आला होता, तो हे वाचून गेला. माणूस ज्यात मदत करू शकतो त्यावरच बोलतो.

तरी पुढच्या बैठकीत मी कडक झाले. एक सदस्य, एरवी फार कमी बोलणारे, मध्येच म्हणाले, ‘सरकारं घड्याळाचे नियम बदलतात, त्याचं काय?’ मी म्हटलं, ‘तो विषय आजचा नाही.’ ते ‘बरं’ म्हणाले. त्यांच्या नावापुढच्या माइकच्या चिन्हावर तांबडी रेघ आली आणि बैठक संपेपर्यंत ती तशीच राहिली. वीस मिनिटांत निर्णय झाला: सगळं यूटीसीत. मला फार बरं वाटलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत, रद्द केली. तिथल्या ज्या लोकांनी पुढच्या जुलैतली सकाळी नऊची भेट आधीच नोंदवून ठेवली होती, त्यांची वेळ आम्ही जुन्या नियमाने १४:०० यूटीसी अशी साठवली होती. नव्या नियमाने ती उघडली की सकाळचे आठ! घडून गेलेल्या गोष्टीला यूटीसी उत्तम. पण पुढची भेट तिथल्या घड्याळावर ठरलेली असते, म्हणून ती स्थानिक वेळ आणि वेळ-विभागाचं नाव अशी जोडीनेच साठवावी लागते. त्या सदस्यांना हेच सांगायचं होतं. ते विषयाबाहेर नव्हतं, विषयाच्या मुळाशीच होतं.

मी त्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, ‘थांबवलंत त्याचं काही नाही हो. पण परत कधी बोलू, ते सांगितलं नाहीत.’

त्या वाक्याने माझी पद्धत बदलली. आता कुणालाही थांबवण्याआधी मी एकच विचारते: याने आजचा निर्णय बदलेल का? उत्तर ‘हो’ असेल तर बोलणं चालू राहतं, वेळ कितीही होवो. ‘नाही’ असेल तर मुद्दा, मांडणाऱ्याचं नाव आणि तो कधी घेणार ती तारीख, सगळं तिथल्या तिथे सर्वांसमोर लिहिते. तारीख न देता ‘नंतर बघू’ म्हणणं म्हणजे ‘नको’ म्हणणंच आहे, असं माझं ठाम मत झालंय. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या २०१४ मधल्या ‘आरएफसी ७२८२’ या दस्तऐवजातही मला याचा आधार सापडला. हरकतीप्रमाणे बदल केलाच पाहिजे असं नाही, पण तिचा खरोखर विचार झालेला असला पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे.

तारखेच्या स्वरूपालाही आम्ही स्वतंत्र अर्धा तास दिला. तिघेच आले. महिना अक्षरांत लिहायचा असं ठरवून पंधरा मिनिटांत उठले.

गेल्या महिन्यात स्मरणसूचनांवर चर्चा चालू होती. त्या सदस्यांच्या माइकवरची तांबडी रेघ गेली आणि मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, ‘याने आजचा निर्णय बदलतो.’ उरलेले दोन्ही विषय आम्ही तारीख घालून पुढच्या आठवड्यावर टाकले आणि त्यांचं ऐकायला बसलो.