दोरीचे वळ

महापालिकेच्या कीटकनाशक विभागात माझं काम डासांच्या अळ्या शोधण्याचं. टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर आणि विहिरी. विहिरी म्हटलं की लोक हसतात. पण १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी येईपर्यंत मुंबई विहिरी-तलावांवरच जगत होती. धोबीतलाव, सी. पी. टँक, खारा कुवा ही नावं काय उगाच पडली? चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची विहीर तर १७२५ ची. तेव्हा समुद्र तिच्या अगदी जवळ होता, तरी पाणी गोडं!

त्या दिवशी गिरगावातल्या एका वाडीत मलेरियाचे तीन रुग्ण निघाले होते. टाक्या कोरड्या ठणठणीत, झाकणं घट्ट. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे विहीरबिहीर नाही." तळमजल्यावरच्या आजींनी आतूनच आवाज दिला, "नाही कशी? माझ्या धुण्याच्या दगडाखाली आहे ना!"

दगड सरकवायला चौघे लागले. खाली लोखंडी झाकण, गंजून एका कोपऱ्यात फाटलेलं. ते उचललं आणि गार हवा तोंडावर आली. टॉर्च मारला तर हातभर खाली पाणी, काचेसारखं. काठाच्या दगडावर दोरीचे वळ होते, बोट आत जाईल इतके खोल. दगडाला असे वळ पडायला किती घागरी वर आल्या असतील, हा हिशेब माझ्या रजिस्टरात बसत नाही.

डिपर, म्हणजे अळ्या तपासायचा लांब दांड्याचा डाव, बुडवला. अळ्या होत्याच, पाण्याला समांतर आडव्या पडलेल्या. म्हणजे ॲनॉफिलिस, मलेरियाचे डास; क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. ॲनॉफिलिसपैकी शहरात मलेरिया पसरवणाऱ्या स्टेफेन्सी डासाला असंच स्वच्छ पाणी लागतं. गटारात तो सहसा जात नाही.

अळ्या मारायला मी तेलाचा डबा मागवला, तशा आजी उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. "तेल नको हो साहेब, पाडव्याला पूजा करते मी हिची."

मला हसू आलं. १९११ मध्ये मुंबईच्या मलेरियाची चौकशी करणाऱ्या डॉ. बेंटलींनी त्याचा ठपका विहिरींवर ठेवला, पालिका त्या बंद करायला निघाली, तेव्हाही धर्माचं कारण पुढे करून लोक आडवे आले होते. त्यातून जाळीच्या झाकणाची तडजोड निघाली. शंभर वर्षांनी मी त्याच भांडणात उभा!

शेवटी अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचं ठरलं. नवं झाकण सोसायटी बसवणार; त्यावर सेक्रेटरींची सही घेतली. (झाकण बसायला दोन महिने लागले, तो वेगळा विषय.)

निघताना आजी म्हणाल्या, "बाळा, मासे सोडायच्या आधी एक तांब्या काढून दे."

"आजी, पिऊ नका हं."

"पिते कशाला? नळ आहे की."

दोरी बांधून तांब्या सोडला. वर ओढताना दोरी आपसूक जुन्या वळात जाऊन बसली. आजींनी ते पाणी फडक्यातून गाळून तुळशीला घातलं, आणि मी फडकं उन्हात झटकलं.