कीटोतली दशमी

कीटोत संध्याकाळ अगदी वेळेवर होते. शहर विषुववृत्ताच्या काठाशी, त्यामुळे बाराही महिने सहा-सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पाठोपाठ मिट्ट काळोख. आपल्याकडची रेंगाळणारी तिन्हीसांज इथे नाही. (आपण नकाशात क्विटो वाचतो, तिथली माणसं कीटो म्हणतात. ज्याचं त्याला आवडेल त्या नावाने हाक मारावी.)

इक्वेडोरच्या या राजधानीत कामासाठी आठवडाभर होते. परतायच्या आदल्या संध्याकाळी जुन्या शहरातल्या खाद्यफेरीला नाव नोंदवलं. आम्ही सहा जण आणि तुरुतुरु चालणारी एक हसरी वाटाडी. तिला तुरुतुरु चालणं परवडत होतं. शहर २,८५० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी बाराशे मीटरचा डोंगर ठेवा. एक चढ चढला की माझा भाता सुरू. पण खायला म्हणून दर दोनशे पावलांवर थांबायचंच होतं, त्यामुळे अब्रू वाचली.

सान फ्रान्सिस्कोच्या उतरत्या दगडी चौकातून निघालो. समोर चर्चचे पांढरे जुळे मनोरे. सोळाव्या शतकात इथे आलेल्या होदोको रिके नावाच्या फ्लेमिश साधूने या मुलखात पहिला गहू पेरला, असं वाटाडी सांगत होती. त्याआधी इथे गहू नव्हताच. मका होता, बटाटा होता. मी मान डोलावली आणि विसरून गेले. मला भूक लागली होती.

पहिला थांबा एका जुन्या मिठाईच्या दुकानात. छताला दोराने टांगलेली भलीमोठी काशाची कढई, खाली निखारे. एक गृहस्थ ती कढई दोन्ही हातांनी झुलवत होते, आत शेंगदाणे सळसळत इकडून तिकडे जात होते आणि मधूनमधून त्यांच्यावर साखरेचा पाक पडत होता. पाक वाळला की पुन्हा थोडा पाक, पुन्हा झुलवणं. दाण्यांवर हळूहळू पांढरे खडबडीत गोळे चढत जातात. याला ते कोलासिओनेस म्हणतात. मी बघतच राहिले, कारण संक्रांतीच्या आधी आमच्या वाईच्या घरी आजी शेगडीवर परात ठेवून हेच करायची. तिळावर चमचाभर पाक, मग बोटांनी हलकेच फिरवत राहायचं, घाई केली की काटा येत नाही. आजीचा हलवा काटेरी, यांचा टेंगळी, एवढाच काय तो फरक. हे मी वाटाडीला सांगायला गेले, पण ‘काटा’ हा शब्द तिला समजावता समजावता पुढच्या थांब्याची वेळ झाली.

अंधार पडता पडता ला रोंडात शिरलो. जुन्या शहरातली ही गल्ली अरुंद, दगडी फरसबंदीची, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती आणि लोखंडी सज्ज्यांतून लोंबणारी जिरॅनियमची फुलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कवी आणि गिटारवाले राहायचे. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यातल्या बारा नावांत कीटोचं जुनं शहर होतं. आता गल्लीत हॉटेलं झालीत आणि गिटार स्पीकरवर वाजते. तरी एका ओट्यावर एक जण लाकडी भोवरे विकत होता आणि गिऱ्हाइकांना फिरवून दाखवत होता. जाळी लावून सोडलेला भोवरा त्याने हातावर झेललेला पाहून आमच्यातले दोन पोक्त गृहस्थ टाळ्या पिटायला लागले.

खानावळीत बसलो. ताटलीत आल्या यापिंगाचो. उकडलेला बटाटा कुस्करून, आत चीज भरून, थापून तव्यावर लालसर भाजलेल्या टिक्क्या. सोबत सॉसेज असतं, ते मी नको म्हटलं. वरून घट्टसर रस ओतलेला. एक घास घेतला आणि जीभ थबकली. दाण्याची आमटी! थोडी दुधाळ, जरा कांद्याची, पण दाण्याची आमटीच. बाजूला युकाचे तळलेले तुकडे. युका म्हणजे तो कंद, ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

इथे पावणेसात, म्हणजे वाईत पहाटेचे सव्वापाच. पंढरपूरची महापूजा टीव्हीवर बघून, अंघोळ आटपून ती बसली असणार.

“अगं, आषाढी आहे आज. लक्षात आहे ना? काय खातेयस?”

मी ताटलीकडे बघितलं. “बटाटा. वरून दाण्याची आमटी. आणि साबुदाण्याचा कंद, तळून.”

पलीकडे क्षणभर शांतता. “म्हणजे उपवासाची सोय झाली म्हण की तिथे!”

सोय कसली, माहेरच होतं ते. बटाटा अँडीजच्या डोंगरातला, दाणे आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतले, मिरचीही अमेरिका खंडातलीच. रताळं तिकडचंच, आणि राजगिऱ्याचे भाऊबंदही. बटाटा हे नावसुद्धा मूळचं रताळ्याचं. कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याला म्हणत ‘बटाटा’, युरोपीयांनी घोळ घालून ते दुसऱ्याच कंदाला चिकटवलं आणि पोर्तुगिजांनी तसंच आपल्याकडे उतरवलं. ज्ञानोबा-तुकोबांपैकी ज्ञानोबांना तरी साबुदाण्याची खिचडी ठाऊक असणं शक्य नाही. आणि आपल्याला उपवासाला न चालणारा गहू मात्र कीटोत त्या साधूबरोबर आलेला पाहुणा! मक्याचं गणित बसत नाही. तोही तिकडचाच, पण आमच्या घरी उपवासाला चालत नाही. का, ते आईलाही विचारलंय. “चालत नाही म्हणजे नाही.”

हे सगळं मी तिला फोनवर ऐकवत होते, तोवर पुढची ताटली आली. एम्पानादा दे व्हिएन्तो, वाऱ्याची करंजी. तळताना टम्म फुगून माझ्या पंजाहून मोठी झालेली, आत चीजचा पातळसा थर आणि बाकी नुसती हवा, वरून साखर भुरभुरलेली. करणारी बाई दारातच बसली होती. अंगठ्याने कड दुमडायची, चिमटायची, पुढे सरकायची. मुरड! तिचा अंगठा न बघता चालत होता आणि ती शेजारणीशी गप्पा मारत होती. मी फोनचा कॅमेरा तिच्याकडे वळवला. आई बारकाईने बघून म्हणाली, “मुरड बरी घालते. पण पाती जाड आहे.”

शेवटी कानेलासो आला. दालचिनी, साखर, नारान्हिया नावाच्या आंबट फळाचा रस आणि उसाची दारू, सगळं कढत. जुलैतल्या त्या झोंबऱ्या वाऱ्यात पेल्याभोवती हात धरून बसायलाच बरं वाटतं. १५४१ साली गोन्सालो पिझारो नावाचा स्पॅनिश सरदार दालचिनीच्या देशाच्या शोधात याच शहरातून पूर्वेच्या जंगलात शिरला, माणसं गमावून उपाशीपोटी परतला. खरी दालचिनी होती आपल्या शेजारी, सिलोनात. यातलं मी आईला काही सांगितलं नाही. पेल्यात काय आहे ते तिने विचारलं असतं.

तिने दुसरंच विचारलं. “त्या आमटीत कांदा नाही ना?”

“आहे.”

“अगं!”

“पण आई, इथे अजून काल आहे. दशमी.”

ती विचारात पडली. मागे टीव्हीवर अभंग चालला होता. तिथी सूर्योदयाची धरायची, हे तिनेच मला शिकवलेलं, आणि माझा सूर्योदय अजून अकरा-बारा तास लांब होता.

“तुझी दशमीच म्हणायची मग,” ती म्हणाली. “आमटी वाढून घे आणखी. उद्या मात्र नुसते दाणे.”