टाकीपासून कोळ्याच्या पेटीपर्यंत: आमची वाटचाल

आमचं काचेचं दुकान डिचोलीला. बाबांनी सुरू केलं तेव्हा खिडक्यांची तावदानं, आरसे आणि देवांच्या तसबिरी एवढंच काम असायचं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि आमच्या भागातली घरांची कामं अर्ध्यावर थांबली. काच रॅकला पडून होती, म्हणून बाबांनी आणि मी माशांच्या टाक्या करायला घेतल्या. पाण्याचा थेंब बाहेर येता कामा नये, ही शिस्त तेव्हा हाताला लागली.

टॅरँटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याच्या पेटीचं काम आणलं प्राणिशास्त्र शिकणाऱ्या फोंड्याच्या एका मुलानं. जुनी टाकी घेऊन आला, म्हणाला, "काका, यात टॅरँटुला ठेवायचाय, हवेसाठी भोकं पाडून द्या." बाबांनी टाकी फिरवून फिरवून बघितली. "बाबू, टाकी गळते म्हणून लोक येतात. भोकं पाडायला तू पहिलाच. ठेव, बघूया."

त्या आठवड्यात आम्ही काचेचे कितीतरी तुकडे फोडले. साध्या ड्रिलचं टोक काचेवर नुसतं घसरतं. काचेला हिऱ्याची भुकटी बसवलेलं पोकळ बिट लागतं, आणि ते काच कापत नाही, घासत जातं. घासलं की उष्णता होते, एका जागी काच तापली की तडा जातो. म्हणून भोकाभोवती चिकणमातीचं छोटं आळं करून त्यात पाणी ठेवायचं. पाण्यामुळे काचेची भुकटीही उडत नाही, ती छातीत गेलेली चांगली नाही. सुरुवातीला बिट तिरकं धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचं. वेग कमी, हाताचा भार जवळजवळ नाहीच. शेवटचा अर्धा मिलिमीटर सगळ्यात नाजूक. तिथे घाई केली की मागच्या बाजूला टवका उडतो. आम्ही निम्मं भोक एका बाजूनं आणि निम्मं दुसऱ्या बाजूनं पाडतो, खाली लाकडाची फळी ठेवून. काठाला फार जवळ भोक घ्यायचं नाही, आणि होता होईल तो टाकी जोडायच्या आधीच सुट्या काचेला भोकं पाडून घ्यायची.

टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला मात्र हात लावायचा नाही. तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण कोंडलेला असतो, बिट आत गेलं की अख्ख्या काचेचा चुरा होतो. तयार टाक्यांचा तळ पुष्कळदा टफन असतो. ओळखायची सोपी युक्ती आहे: लॅपटॉपचा पांढरा पडदा आणि पोलराइज्ड गॉगल यांच्यामध्ये काच धरायची. काळपट पट्टे किंवा ठिपके दिसले तर टफन.

इतकं करून पहिली पेटी आम्ही चुकीचीच दिली. सगळी भोकं वरच्या झाकणाला पाडली होती. जुलैत तो मुलगा परत आला. आतल्या मातीवर पांढरी बुरशी, बारीक किडे, आणि कोळी झाकणाला चिकटून बसलेला. हवा जायला वाट होती, यायला नव्हती. गोव्याचा पावसाळा म्हणजे उशाचं कापडसुद्धा दमट, तिथे बंद पेटीत काय होणार? तेव्हापासून एका बाजूला मातीच्या जरा वर ओळ, समोरच्या बाजूला झाकणाजवळ दुसरी ओळ. ओली हवा वर चढून बाहेर पडते, खालून कोरडी आत येते. झाडावर राहणाऱ्या जातींना तर याशिवाय चालतच नाही.

बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. झाकणाला धातूची बारीक जाळी लावली तर तिच्यात कोळ्याच्या पायाची नखं अडकतात, कधी पायच तुटतो. कात टाकताना तो पुन्हा येतो, पण तेवढं हाल कशाला? जमिनीवरच्या जातींना उंच पेटी द्यायची नाही, पडला तर पोट फुटून मरतो. भोक कोळ्याच्या पाठीच्या ढालीपेक्षा लहानच हवं. पिल्लांसाठी काचेची पेटी मी करतच नाही, त्यांना प्लॅस्टिकचा छोटा डबा बरा.

सिलिकॉनचं काम सगळं माझ्याकडे. बुरशीनाशक मिसळलेलं सिलिकॉन बाथरूमला चालतं, जिवंत प्राण्याच्या पेटीला नाही. साधं घ्यायचं आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. पावसात ते लवकर धरतं, कारण हवेतल्या ओलाव्यानंच ते घट्ट होतं. पण काचेवर दव असेल तर मुळीच चिकटत नाही, म्हणून तेव्हा सकाळची जोडणी आम्ही दुपारवर ढकलतो.

आता पुण्या-बेंगळुरूहूनही विचारणा होते. पण म्हादईच्या रानातून पकडलेल्या कोळ्यासाठी कोणी पेटी मागितली तर आम्ही नाही म्हणतो. पोएसिलोथेरिया या झाडावरच्या टॅरँटुलांसारख्या जाती २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यातही त्यांची नोंदणी लागते. कागद दाखवा, मग माप घेते. दोन ऑर्डरी यामुळे गेल्या, बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही.

पेटी द्यायच्या आधी बाबा एक काम स्वतः करतात. रिकाम्या पेटीच्या खालच्या भोकांपाशी उदबत्ती धरतात. धूर आत ओढला जाऊन समोरच्या वरच्या ओळीतून निघाला की पेटी धुवायला माझ्याकडे येते. आतच घुटमळला तर मी बिट परत लावते.