रंग लावायचा नाही अशा जागा

पुढची दोन्ही चाकं काढली आणि मी थबकलो. उजवीकडचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, लालभडक. डावीकडचा विटकरी, आणि पॅडच्या खाचेजवळ तर जवळपास काळा. एकाच डबीतला रंग, मालकानेच दीड महिन्यापूर्वी एकाच सुट्टीत लावलेला. बिघाड कुठल्या बाजूला आहे, हे रंगानेच सांगितलं होतं.

दोन सीटची स्पोर्ट्स कार, मालक पंचविशीतला मुलगा. गाडी डावीकडे ओढते आणि थांबल्यावर जळका वास येतो, हे त्याने नीट समजावून सांगितलं. काल उतारावर पेडल खाली गेलं, हे मात्र निघता निघता सांगितलं. गिऱ्हाईक नेहमी असंच करतं. जीवावर बेतलेली गोष्ट शेवटी, तीही हळू आवाजात. खालच्या गिअरवर आणि हँडब्रेकवर त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली होती. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं, म्हणून त्याला वाटलं, भागलं.

ते भागलेलं नव्हतं, तेल उकळलं होतं. नवीन डॉट 4 ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मग ती हद्द 155 पर्यंत उतरू शकते. त्याचं तेल तीन वर्षांचं होतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल जमिनीला टेकतं. थंड झालं की सगळं पहिल्यासारखं दिसतं.

प्रश्न होता, एवढी उष्णता आली कुठून? पेडलवर पाय नसताना उजवी डिस्क एका हाताने फिरली. डावीला दोन्ही हात लावून जोर करावा लागला. अशा वेळी बरेच जण डोळे झाकून कॅलिपर बदलायला सांगतात, त्याची मला चीड आहे. आधी निपल, म्हणजे कॅलिपरवरचा तेल सोडायचा स्क्रू, सैल करून बघावा. तेलाचा दाब अडकला असेल, होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, आतून बंद झाला असेल किंवा पेडलचा दाब तेलाला देणारा मास्टर सिलिंडर तो सोडत नसेल, तर निपल उघडताच चाक मोकळं होतं. इथे थेंबभर तेल आलं, डिस्क तशीच जाम. म्हणजे अडचण दाबाची नव्हती, काहीतरी अंगानेच अडकलं होतं.

पॅड धरून ठेवणाऱ्या पिना काढल्या. उजवे पॅड हलवून हलवून हाताने निघाले. डावे हातोडीने हलके ठोके देऊन काढावे लागले. पॅडच्या लोखंडी पाटीची कड उजेडात धरली तर तिच्यावर लाल रंगाचा पट्टा होता, घासून चकचकीत झालेला.

या कॅलिपरला तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारे चार पिस्टन, आणि तो स्वतः सरकत नाही. सरकतात ते फक्त पॅड, खाचेच्या दोन भिंतींवर बसवलेल्या स्टीलच्या पातळ पट्ट्यांवरून. पाटी आणि पट्टी यांच्यात मोकळीक असते मिलिमीटरच्या काही दशांश भागांएवढी. त्यात दोन्ही बाजूंना रंगाचे तीन-तीन हात बसले. शिवाय लोकांना वाटतं, पाय काढला की काहीतरी पॅडला मागे खेचतं. तसं काही नसतं. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. दाब आला की ती थोडी पिळली जाते, दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. पॅडला पकडून ओढणारं कोणी नसतं. तो मोकळा असेल तरच मागे सरतो. हा मोकळा नव्हता. दीड महिना तो डिस्कला घासत राहिला. उजवीकडे वाचलं, कारण तिथे पोचेपर्यंत डबी संपत आली होती आणि दोनच पातळ हात बसले.

बाकीचं काम मात्र मी पुन्हा पुन्हा बघत होतो. डस्ट बूटवर, म्हणजे पिस्टनवरच्या धूळ अडवणाऱ्या रबरावर, टेप इतकी बेमालूम लावलेली की रबराला रंगाचा ठिपका नाही. निपलवर टोपी. चाक टेकतं तो हबचा चेहरा स्वच्छ. होजला ताण येऊ नये म्हणून कॅलिपर तारेने बांधला होता, असं तो मुलगा म्हणाला. आमच्याकडची पोरं घाईत होजवरच लोंबकळत ठेवतात, मी रोज ओरडतो. त्यातलाच एक जण मागून हसला, ‘व्हिडिओ बघून करतात हे लोक.’ मला राग आला. त्याच्यापेक्षा या मुलाचा हात साफ होता.

‘पट्ट्यांवर का मारलास रे?’ मी विचारलं.

‘काका, स्टील उघडं राहिलं तर गंजेल असं वाटलं. आणि तुम्ही म्हणालात ना, आधी नीट साफ कर. ब्रेक क्लीनर मारून, तारेच्या ब्रशने सगळं उजळेपर्यंत घासलं मी.’

हे तो अभिमानाने म्हणाला. मला तेव्हा आठवलं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या दारात उभा राहून त्याने विचारलं होतं, घरी रंगवता येतील का? मी दुसऱ्या गाडीखाली होतो. तिथूनच म्हणालो, ‘येतील की, फक्त नीट साफ करून घे.’ तेवढंच. पंचवीस वर्षं ब्रेक उघडतोय मी. पॅड सरकतो ती जागा कोरी ठेव, हे सांगायला किती वेळ लागला असता?

पुढचं काम सरळ होतं. पट्ट्या काढून रंग खरवडला, नवे पॅड घातले. डाव्या डिस्कवर निळे डाग पडले होते, म्हणून दोन्ही डिस्क जोडीने बदलल्या. भाजलेले सील, म्हणजे त्या रबरी रिंगा, आणि बूट नवे, सगळं तेल नवं. पॅड बसवल्यावर पेडल कडक होईपर्यंत मारून घेतलं, कारण पिस्टन मागे ढकललेले असताना पहिला पाय रिकामा जातो.

डावा कॅलिपर परत लाल करायचा, असा त्याचा हट्ट होता. मी म्हटलं, इथेच कर. पट्ट्या मी काढून खिशात ठेवल्या, खाचेच्या भिंतींवर स्वतः टेप लावली आणि स्टूल ओढून शेजारी बसलो. त्याने तीन हात मारले, प्रत्येक हातानंतर थांबून, कडेला एकही ओघळ येऊ न देता. मधल्या वेळात आम्ही इंजिनबद्दल बोललो. दारातल्या त्या उत्तराचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. आभार मानून गेला तो.