इच्छाशक्तीआधी रक्ततपासणी

चाळिशी ओलांडलेल्या बाईने व्यायाम सोडला की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: आळस. काही दिवसांनी तिलाही ते खरं वाटू लागतं. माझं धावणं बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं, त्यात सर्वांत जास्त उपयोग एका रक्ततपासणीचा झाला. म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात सहकारनगरला राहते. तळजाईची टेकडी जवळ, त्यामुळे बेचाळिशीत धावायला लागले ते तिथेच. पाचगाव पर्वतीच्या वनातल्या मातीच्या वाटा, सकाळचे मोर, रोज भेटून ओळखीचे झालेले आजोबा-आजी. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायचे. त्याच शर्यतीत पुढे मी दहा किलोमीटर धावले, तो आनंद अजून अंगात आहे.

सत्तेचाळिशीत मात्र ओढ आटत गेली. गजर व्हायचा, जाग असायची, पण उठवत नसे. पर्वतीच्या पायऱ्या पूर्वी एका दमात चढायचे, आता मध्येच टेकावं लागायचं. नवरा म्हणाला, "अगं, एखाद्या ग्रुपमध्ये जा. कुणी वाट बघतंय म्हटलं की आपोआप जाशील." गेले. मंडळी फार चांगली होती, पण त्यांच्या वेगाने धावून घरी आले की दुपारपर्यंत अंग मोडून यायचं. दुसऱ्या दिवशी इच्छा आणखी कमी.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले ते वेगळ्याच कारणाने. पाळी अनियमित झाली होती आणि अंगावरून खूप जात होतं. या वयात असं होतंच, असं धरून बऱ्याच जणी काढतात, मीही काढत होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "जिना चढताना धाप लागते? केस गळतात? बर्फ चघळावासा वाटतो?" तिसऱ्या प्रश्नाला मी दचकलेच, कारण फ्रीजमधला बर्फ खाण्याची सवय मी कुणाला सांगितली नव्हती. लोहाच्या कमतरतेत अशी इच्छा होऊ शकते. सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी झाली, आणि रक्तात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही बघायला सांगितलं.

हिमोग्लोबिन १२.१ आलं. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, म्हणजे मी काठावर पास. पण फेरिटिन ९ होतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली लोहाची कमतरता धरते. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. कोठीतलं धान्य संपत आलं तरी ताटात काही दिवस भाकरी दिसतेच, तसं नुसतं हिमोग्लोबिन बघून साठा संपल्याचं लक्षात येत नाही. स्नायूंना ऊर्जा तयार करायलाही लोह लागतं, त्यामुळे थकवा आधीच सुरू होतो. हे ऐकलं आणि मला रडूच आलं. कितीतरी महिने मी स्वतःला बोल लावत होते.

गोळ्या सुरू झाल्या, पाळीवरही उपचार झाले. चहा लोह नीट शोषू देत नाही, म्हणून सकाळचा चहा गोळीपासून लांब नेला आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागले. साठा भरायला महिने लागतात, याची डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती. ताकद हळूहळू आली, आणि तिच्या मागोमाग पहाटे बाहेर पडावंसं वाटणंही आलं, कुणी ढकललं नाही.

आता धावते ती शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. तळजाईच्या चढावर वाक्य तुटलं की सरळ चालते. वेगाने धावणं आठवड्यातून एकदाच, तेही झोप नीट झाली असेल तर. वय वाढतं तसा शरीराला सावरायला वेळ लागतो, आणि तो दिला की दुसऱ्या दिवशी पाय स्वतःहून बूट शोधतात.

आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं: ताकदीचे व्यायाम. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वाढते, स्नायूही घटत असतात. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आहे. मी घरीच करते: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, हातात डंबेल्स. पावसाळ्यात टेकडीची माती निसरडी होते, तेव्हा हेच जास्त. गुडघ्यांची कुरकूर याने खूप कमी झाली. जेवणात उसळ, ताक, अंडी वाढवली, बाकी नेहमीचंच.

परवा वहिनी म्हणाली, "तुमच्यासारखा उत्साह माझ्यात नाही हो, वन्सं." तीही पंचेचाळिशीची, तिचंही अंगावरून जातंय. तिला टेकडीवर न्यायच्या आधी मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. फेरिटिनचा रिपोर्ट गुरुवारी मिळेल.